खिडकीतली तार

जावयासाठी केलेली वीस लिटर बिअर मी गोठवून तिचा दगड केला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने केला. तापमापी जिथे ठेवाल तिथलंच तापमान सांगते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून पोरांकडून तीनदा म्हणून घेत असे.

धोंड्याचा महिना जवळ आला होता. आदिलाबादजवळच्या आमच्या जैनथकडच्या गावांत या महिन्यात लेक-जावयाला बोलावून तेहेतीस अनारशांचं वाण देतात. मागच्या धोंड्याला मुलीची आई होती. आता घरात मी एकटा. अनारसे करून पाहिले, पण ते तेलात पडताच असे हसले की कढईत फक्त गाळ उरला. जावयाला बिअर आवडते एवढं मला ठाऊक होतं. मागल्या खेपेला तो बिचारा दिवसभर बाजेवर फोन चाळत बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हैदराबादला परत गेली. या वेळी चार दिवस तरी राहावीत, म्हणून मी बिअर करायची ठरवली. पवित्र महिन्यासाठी बिअर आंबवणारा सासरा पंचक्रोशीत मी एकटाच असेन. याला परवानगी लागते का, हे मी मुद्दामच कुणाला विचारलं नाही.

पहिली खेप स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली होती. आमच्या उन्हाळ्यात तिथे माणूस आंबतो, तर यीस्टची काय कथा. तिला नखं रंगवायच्या बाटलीसारखा वास आला आणि एका घोटात दोन दिवस डोकं दुखलं. मग कळलं की यीस्टला अठरा-वीस अंशांचा गारवा लागतो. आदिलाबादला एका कुल्फीवाल्याने दुकान बंद केलं होतं, त्याचा आडवा फ्रीझर मी ऑटोत घालून आणला. पण फ्रीझरला थंड करायचं म्हणजे बर्फच करायचा, एवढंच कळतं. म्हणून एक छोटी डबी मागवली. फ्रीझरची पिन त्या डबीत, आणि डबीतून निघालेली लांब तार आतल्या काचेच्या बरणीला चिकटवलेली. तारेच्या टोकाला वीस अंश लागले की डबी फ्रीझर चालू करते, अठरा झाले की बंद. वर लाल आकडे दिसतात.

दुसरी खेप झकास लागली. बरणीच्या तोंडाशी एक नळी होती, तिच्यातून बुडबुडे यायचे. बुडूक. थोड्या वेळाने पुन्हा बुडूक. मी खुर्ची ओढून फ्रीझरजवळ बसत असे. घरात माझ्याखेरीज श्वास घेणारं तेवढंच होतं. पहिल्या आठवड्यात मी तिला दोनदा चहाचंही विचारलं, हे इथे कबूल करून टाकतो.

रोज संध्याकाळी मुलीचा फोन येई. "बाबा, जेवले का? झोप लागली का?" मी दोन्हीला हो म्हणे. मग ती विचारी, "आज किती आहे तिकडं?" उन्हाचा आकडा हा आमचा एकच खरा विषय. मास्तराने अंदाजे काय सांगायचं, म्हणून मी बरणीची तार सोडवून खिडकीत लटकवायचो, लाल आकडा थांबेपर्यंत तिला धरून ठेवायचो आणि सांगायचो, "एक्केचाळीस पॉइंट सहा." ती म्हणे, "बापरे." फोन संपला की तार परत बरणीला.

ती येणार त्याच्या तीन दिवस आधी फोनवर म्हणाली, "बाबा, आमी शनिवारी येऊन राह्यलो. पण एकच रात्र हं." मी म्हटलं, "या तर खरं." त्या आनंदात घर झाडायला लागलो आणि तार खिडकीतच राहिली.

दुसऱ्या संध्याकाळी तार आयतीच खिडकीत सापडली. मला वाटलं, वा, आज मेहनत वाचली. आकडा वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशीही. बिअर एक्केचाळीस अंशांवर उकळतेय असं समजून डबी फ्रीझरला दम खाऊ देत नव्हती. बुडबुडे थांबले, तेव्हा बिअर तयार झाली म्हणून मी पेढा खाल्ला. फ्रीझरचं झाकण मात्र उघडलं नाही. ते जावयासमोरच उघडायचं होतं.

शनिवारी दोघं आली. मी धुतलेले तीन पेले मांडले आणि जावयाला फ्रीझरपाशी उभं केलं. "बापू, उघडा."

आत बरणी नव्हती. बरणीच्या आकाराचा पिवळा दगड होता आणि काचेचे तुकडे त्याला चिकटलेले होते. डबीवर त्रेचाळीस दिसत होतं. जावई भला माणूस. तो बोटाने तारेचा माग काढत काढत खिडकीपर्यंत गेला.

"ही इथं काऊन?" मुलीने विचारलं.

"तू रोज विचारतेस ना, किती आहे म्हणून."

"ते तर मले फोनमध्येच दिसते, बाबा. पाहूनच फोन लावते मी."

"मग विचारतेस काऊन?"

"दुसरं काही विचारलं की तुमी खोटं सांगता. तेवढा आकडा तरी खरा असते."

जावयाने काचा वेचायला घेतल्या. तो दगड आम्ही अंगणात कडुलिंबाखाली ठेवला. जेवणं झाली, मुलगी आईच्या फोटोपाशी थोडी बसली, आणि रविवारी सकाळी दोघं गेली. ठरल्याप्रमाणे एकच रात्र. दुपारपर्यंत दगडही वितळून गेला. मुंग्या तेवढ्या थांबल्या.

संध्याकाळी फोन वाजला. मी सवयीने खिडकीकडे गेलो आणि म्हटलं, "आज बेचाळीस."

"ते राहू द्या. काय जेवले ते सांगा."

"वरण, भात, पोळी, भाजी."

"भाजी कशाची?"

दुपारी मी चहात बुडवून चार टोस्ट खाल्ले होते. साऱ्या जगातली एकही भाजी मला आठवेना. खिडकीतून बाहेर पाहिलं, लिंबाचं झाड दिसलं.

"लिंबाची," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "बाबा, खोटं बोलणंही तुमाले बिअरसारखंच जमते."