अंजनी बोलतोय

सुबराव पंचायतीचा वॉटरमन होता तोवर आमच्या गावात नळाला पाणी आलं का, हे कुणी तोटी उघडून बघत नसे. तो सायकलवरून यायचा, आळीच्या तोंडाशी एक पाय टेकवायचा आणि ओरडायचा, "पाणी आलंय वोऽ!" की बायका घागरी घेऊन उठायच्या. ओरडण्याआधी तो आळीतल्या पहिल्या नळाखाली हात धरायचा. हात ओला झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्याचा नेम. टाकीवरून पाणी सोडलं म्हणजे ते आलंच असं नव्हे, मधे पाइप असते, पाइपेवर माणसं असतात, असं तो म्हणायचा. खानापूरच्या बाजाराला निघालेली बाईसुद्धा त्याची हाक ऐकली की पिशवी ठेवून माघारी वळायची.

मग त्याला लकवा मारला. पाय थोडाफार सावरला. वाचा गेली ती परत आली नाही.

त्याची मुलगी अंजनी तेव्हा पंचायतीतच कॉम्प्युटरवर होती. कंत्राटी नोकरी, लाकडी खुर्ची, डोक्यावर फिरताना आवाज करणारा पंखा. आई लहानपणी गेलेली. लग्नाचं आता कुणी विचारत नसे. पंचायतीतला सगळा कारभार कन्नडमधून आणि गाव सगळं मराठी, त्यामुळे समोर आलेल्या माणसाला ती स्क्रीनवरचं कन्नड वाचून मराठीत सांगायची. थांबून विचार करावा लागायचा नाही. उभ्या उभ्या एका घागरीतलं पाणी दुसरीत ओतावं तसं व्हायचं ते. लोक सही कुठे करायची एवढं विचारायचे. काय लिहिलंय ते विचारत नसत. अंजनीनं वाचलंय म्हटल्यावर झालं.

बापाची सायकल बंद पडल्यावर पाण्याच्या वेळा फोनवरून कळवायचं ठरलं. पंचायतींना असली कामं करून देणारी बेंगळूरची एक कंपनी होती. त्यांचं मशीन मराठीत बोलायचं, पण ती मराठी कुठली होती कोण जाणे. "उद्या सकाळी पाणीपुरवठा खंडित राहील," असं एक गोड आवाजाची बाई सांगायची आणि लोक मधेच फोन ठेवायचे.

"कोण गं ती?" शेजारच्या यशोदाबाईनं विचारलं होतं. "टीव्हीवरची हाय काय? तिला काय ठावं आमच्या नळाचं?"

तेव्हा कंपनीनं सौम्याला पाठवलं. सौम्या बेळगावची, शहापूरच्या विणकर घरातली, वयानं अंजनीपेक्षा बरीच लहान. पंचायतीच्या मागच्या खोलीत खिडकीला चादर लावून तिनं अंजनीसमोर माइक ठेवला. एकदा पुरेसं बोलून ठेवलं की पुढे नुसतं टाइप करायचं, मशीन तिच्याच आवाजात सांगेल, असं तिनं समजावलं.

"वाचल्यासारखं नको आक्का. घरात बोलता तसं बोला."

"घरात बोलतो तसं बोललो तर पीडीओ साहेबांचं काय खरं न्हाय बघ," अंजनी पंचायतीच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या खोलीकडे मान करून म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की ते वाक्य परत घ्यावं लागलं. आमच्या भागात बायकाही 'बोलतो', 'जातो'च म्हणतात.

पहिला फोन गेला त्या दिवशी अंजनी दुपारची घरीच होती, बापाला भरवत. सुबरावच्या उशाशी ठेवलेला फोन वाजला. "अंजनी बोलतोय. उद्या खालच्या आळीला पाणी येणार न्हाय, आज भरून ठेवा." सुबरावनं मान वळवून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग त्यानं समोर घास घेऊन बसलेल्या मुलीकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला.

गावाला मात्र ते आवडलं. सुबरावची पोरगी बोलते म्हणजे सुबरावच बोलतो, असं जुनी माणसं म्हणाली. हाक आता चावडीपासून मळ्यातल्या घरापर्यंत एकाच वेळी पोचत होती.

फसवणुकीचे फोन वाढले तेव्हा वरून हुकूम आला की गावोगाव लोकांना सावध करा. शाळेच्या पटांगणात सभा झाली. गावचे पीडीओ विजापूरकडचे. त्यांनी कन्नडमधला कागद वाचला आणि अंजनीकडे दिला. कागदात पुष्कळ होतं. अंजनीनं ते आपल्या पद्धतीनं लहान केलं.

"हिंदीत कोण बोललं, बँकेतनं बोलतोय म्हणालं, की फोन ठेवायचा. आपल्या बोलीत बोलंल त्योच आपला."

"आणि बायकू बोलली तर गं?" पिठाच्या गिरणीचा शामू मागून ओरडला.

"ती नंबर इचारत न्हाय शामूआण्णा, कुठं हाईस ते इचारती. ते मातुर खरं सांग."

सगळं पटांगण हसलं. लोक घरी गेले ते एवढं एकच वाक्य घेऊन. आपल्या बोलीत बोलेल तोच आपला. सोपं होतं, आणि आमच्या भागात ते खोटं आहे असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

यशोदाबाईचं घर आणि सुबरावचं घर यांच्यात एकच भिंत. आई गेल्यावर अंजनीची वेणी यशोदाबाईनं घातली, पहिलं लुगडं तिनं नेसवलं. अंजनी तिला आत्ती म्हणायची. ताकाचा तांब्या रोज भिंतीवरून अलीकडे यायचा. गुडघे चालेनात म्हणून गेल्या दिवाळीनंतर यशोदाबाईनं म्हैस विकली, आणि तांब्या यायचा थांबला. म्हशीचे पैसे तिनं बँकेत ठेवले, म्हातारपणाला.

ते पैसे एका दुपारी गेले.

यशोदाबाई पंचायतीत आली तेव्हा तिच्या हातात फोन होता, आणि तो तिनं साप धरावा तसा अंगापासून लांब धरला होता. बँकेतून सरळ इकडेच आली होती.

"तू मागिटलीस म्हणून दिलो गं मी."

"काय दिलीस आत्ती?"

"नंबर. घरपट्टीत सूट हाय, फोनवर नंबर आलाय त्यो वाचून दाव म्हणालीस. अंजनी बोलतोय म्हणालीस."

अंजनी उभी राहिली. 

"मी न्हाय आत्ती. मी फोनच केलो न्हाय."

"मला तुझा आवाज कळत न्हाय व्हय? शेंबडी हुतीस तवापासनं ऐकतोय."

"मी तुला आत्ती म्हणतो. त्या फोनात काय म्हणालं?"

यशोदाबाईनं हातातल्या फोनकडे बघितलं. "यशोदाबाई म्हणालीस," ती म्हणाली. "मला वाटलं हापिसात बसलीस, म्होरं मानसं असतील. म्हणून तसं म्हणालीस."

"मशीन हाय ते आत्ती. मशीन बोलतंय माझ्यावानी."

"मग मशीनला तुझा आवाज दिला कुणी?"

अंजनीची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. 

त्या आठवड्यात गावातल्या आणखी काही घरांत हेच झालं. सौम्या परत आली, सोबत बेळगावहून एक तपासणारा माणूस घेऊन. त्यानं पंचायतीचा कॉम्प्युटर उघडला. पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला होता. लाइट गेली की कुणालाही मशीन परत चालू करता यावं म्हणून. पीडीओंना तो ठाऊक होता, अध्यक्षांना, शिपायाला, कधी कधी दाखल्यासाठी बसलेल्या माणसालाही. लोकांची नावं, नंबर आणि अंजनीचा आवाज, सगळं त्या एका मशीनमध्ये होतं. तिथूनच गेलं का, ते मात्र नक्की सांगता येईना. तिचे निरोप तर गावातल्या प्रत्येक फोनवर होते आणि आता चिमूटभर आवाजावरून अख्खा आवाज बनवता येतो, असं सौम्या म्हणाली. दार सगळ्यांनाच उघडं असलं की चोर कुठून आला हे विचारून उपयोग नसतो. चिठ्ठी काढली. नवा पासवर्ड झाला. पोलिसांत तक्रार झाली. जाताना सौम्या नुसतीच आक्का म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

दुसऱ्या दिवशी पीडीओंनी अंजनीला बोलावलं. गावाला सावध करायला हवं होतं, आणि लगेच.

"नोडरी, बघा मॅडम," ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या आवाजात सांगितलं तर लोक ऐकणार काय?"

ऐकणार नव्हते. हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्या निरोपासाठी तिनं टाइप केलं नाही. मागच्या खोलीत जाऊन चादर लावली आणि स्वतःच्या तोंडानं बोलली. "अंजनी बोलतोय. हितनं म्होरं ह्या आवाजात फोन आला, आणि काय बी मागिटलं, तर इश्वास ठेवू नका. मी असलो तरी ठेवू नका."

सगळ्या गावानं तो निरोप शेवटपर्यंत ऐकला. अंजनीचा म्हणून ऐकला. आणि तिनं सांगितलं म्हणून मानला.

त्यानंतर लोक तिचा फोन उचलेनात. पाण्याच्या वेळा चुकायला लागल्या, खालच्या आळीत भांडणं व्हायला लागली. शामूनं गिरणीत एकदा विचारलं, "अंजे, खरी हाईस का मशीन?" ती हसली. दुसऱ्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा हसली नाही. पंचायतीत आलेली माणसं आता ती वाचत असताना स्क्रीनकडे मान वाकवून बघायची. कन्नड वाचता न येणारी माणसंही बघायची. येळ्ळूरच्या पाहुण्याकडून एकदा वाचून घेतो, असं म्हणून एकानं कागद घरी नेला. यशोदाबाई भिंतीपलीकडे खोकायची, भांडी लावायची. पैशाबद्दल परत एक शब्द काढला नाही तिनं. दुसराही कुठला काढला नाही.

मग टाकीचं पाणी खराब निघालं. गटारीजवळ पाइप फुटली होती. ती सांधली, पण तपासायला पाठवलेल्या पाण्यात जंतू सापडल्याचं सकाळीच तालुक्याहून फोनवर कळलं. रात्रीच टाकी भरलेली, आणि नळ नुकतेच सोडलेले. पीडीओ म्हणाले, आधी निरोप टाका. अंजनीनं टाइप केलं, मशीन तिच्या आवाजात बोललं. निरोप ऐकला की स्क्रीनवर त्या घराचा ठिपका हिरवा व्हायचा, उचलला नाही किंवा मधेच तोडला की लाल. ठिपके एकामागून एक लाल होत गेले. अंजनी उठली, चप्पल घातली आणि चालत निघाली.

पहिलं घर तिनं यशोदाबाईचंच घेतलं. घागरी भरून झाल्या होत्या.

"आत्ती, हे पाणी पिऊ नको. फोन केलतो."

"आलता. ठेवलो."

"पाण्यात जंतू हायत. पाइपेत गटार—"

यशोदाबाईनं हात वर केला. "बोलू नको. दाव."

अंजनीनं घागरीतून तांब्या भरला, दारातल्या उन्हात नेऊन पेल्यात ओतला. पाणी निवळशंख होतं. पेल्याचा तळ दिसत होता, तळावर कोरलेलं यशोदाबाईच्या नवऱ्याचं नाव दिसत होतं.

"कुठं हाय?"

"डोळ्याला दिसत न्हाय ते."

"मग तुला कसं दिसलं?"

"तालुक्यातनं कळिवलंय."

"कसं कळिवलं?"

"फोन आलता," अंजनी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली.

यशोदाबाई हसली. त्या हसण्यात राग नव्हता. तिनं पेला अंजनीच्या हातातून घेतला आणि समोर धरला. पिणारही नव्हती, ओतणारही नव्हती. नुसती बघत होती, आधी पाण्याकडे, मग अंजनीच्या तोंडाकडे.

भिंतीपलीकडे काठी टेकल्याचा आवाज आला. सुबराव अंगणातून वळसा घालून आला, एक पाय ओढत. यशोदाबाईच्या नळाला अजून धार होती. तो नळापाशी गेला. आमच्यातल्या कुणालाही वाटलं असतं की तो आता हात धरेल, जन्मभर धरला तसा. त्यानं हात धरला नाही. डाव्या हातानं तोटी पिळून बंद केली, आणि भरलेली घागर कलंडवली. पाणी अंगणात पसरलं, तुळशीला वळसा घालून उंबऱ्यापर्यंत आलं.

"ऱ्हाऊ दे," यशोदाबाई म्हणाली. "बाकीची मी ओततो." तिनं पेलाही रिकामा केला. "सुबराव सांगतोय म्हंजे खरं असंल."

सुबराव काहीच बोलला नव्हता. त्याला काय ठाऊक होतं? भिंतीपलीकडून ऐकलं तेवढंच.

तो तसाच पुढच्या घराकडे वळला. अंजनी त्याच्या मागून चालू लागली, चार पावलं अंतर ठेवून. प्रत्येक अंगणात तो थांबायचा, तोटी बंद करायचा, घागर कलंडवायचा, आणि घरातली बाई काही न विचारता उरलेलं पाणी ओतायची. खालच्या आळीच्या तोंडाशी एका पोरसवद्या सुनेनं अंजनीला विचारलं, "आक्का, मग चांगलं पाणी कवा येनार?"

अंजनीला ठाऊक होतं. टाकी धुवून परवा सोडणार होते; सुबराव वॉटरमन होता तेव्हाही धुण्याला दोन दिवसच लागायचे. तिनं तोंड उघडलं, आणि बापाकडे बघितलं. सुबरावनं दोन बोटं वर केली.

"परवा व्हय?" सून म्हणाली. "बरं." आणि आत गेली.