घाण हाताचा चतकोर

"घाण हात कोणाचे आहेत?" सरांनी वर्गाला विचारलं. उत्तराची वाटही पाहिली नाही. माझ्याकडे बोट केलं. "तू ये."

मी आठवीत होते. तेलंगण वेगळं होऊन फार दिवस झाले नव्हते आणि आता आदिलाबाद जिल्ह्याचेही चार तुकडे पडले होते. त्याच गडबडीत आमच्या गावची मराठी शाळा पोरं कमी म्हणून बंद केली. आम्हा अकरा जणांना नार्नूरच्या वाटेवरच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकलं. कागदावर मिसळलं. वर्गात मांगवाड्याची आम्ही तिघं सगळ्यात मागे, दाराच्या कडेला.

विज्ञानाचे सर मराठीच. तीन पिढ्यांपासून आदिलाबाद शहरात राहणारं नोकरदार घर. आम्ही 'आमी' म्हटलं की तास थांबवून 'आम्ही' म्हणायला लावायचे. आपल्या भाषेचा माणूस भेटला म्हणून माझी आई खूश झाली होती. बिचारी.

धडा सूक्ष्मजीवांचा होता. त्यांची वाढ कशानं होते, कशानं थांबते, ते वर्गातच करून पाहायचं होतं. पाटलाच्या विनायकच्या घरून ज्वारीची भाकर आली. सरांनी तिचे चार चतकोर केले. एकावर पाणी शिंपडलं. एक उन्हात कडक वाळवला. तिसऱ्यावर विनायकनं साबणानं हात धुऊन पंजा दाबायचा. चौथ्यावर मी, न धुता.

माझे हात काळे होते, हे खरं. आमच्या घरात अंबाडीचे दोर वळतात. सकाळी दोन तास दोर वळून मी शाळेत यायचे. तो काळेपणा साबणानं जात नाही. त्याला घाण म्हणत नाहीत, हे सरांना कोण सांगणार?

"नीट दाब," सर म्हणाले. "तुझ्या हातची भाकर तशीही कोण खाणार आहे?"

वर्ग हसला. विनायक सगळ्यात जास्त. मी पंजा दाबला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. धरणी अशा वेळी कधी कामाला येत नाही.

चारही चतकोर प्लास्टिकच्या पिशव्यांत गेले. तीन पिशव्यांना सरांनी रबर लावलं. माझ्या पिशवीला ते हात लावेनात. "तूच बांध कशानं तरी." दप्तरात सुतळी होती. मी दोर वळणाऱ्यांची गाठ मारली, दोन वेढे आणि उलटा फास. ती ओढून सुटत नाही, बसून सोडावी लागते. पिशव्या खिडकीत ओळीनं ठेवल्या आणि प्रत्येकीपुढे चिठ्ठी. ओला. कोरडा. स्वच्छ हात. घाण हात.

मी रोज खिडकीत जाऊन पाहायचे. चौथ्या दिवशी विनायकच्या चतकोरावर पांढरी लव आली. सहाव्या दिवशी तो हिरवा पडला. ओल्याचंही तेच. माझा चतकोर जवळजवळ होता तसा. माझ्या हाताला जंतू नव्हते असं नाही. पण विनायकनं हात धुतले आणि पुसले नाहीत, भाकर ओली झाली. माझे हात खरखरीत, कोरडे. बुरशी ओल बघते, जात बघत नाही. एवढं तेव्हा मला सांगता आलं नसतं. मला फक्त आनंद झाला होता, दुष्ट आनंद.

सातव्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. सरांनी मला तेलुगूत एक वाक्य पाठ करायला दिलं. अर्थ असा : माझ्या घाणेरड्या हातांमुळे ही बुरशी आली, आता मी रोज हात धुवीन.

साहेब आले. सरांनी मला खिडकीपाशी बोलावलं. मी पाहिलं तर चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली. हिरव्या भाकरीपुढे 'घाण हात'. बुरशी न आलेल्या भाकरीपुढे 'स्वच्छ हात'. पण त्या चांगल्या भाकरीच्या पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं.

सरांनी चिठ्ठ्या हलवल्या होत्या. पिशव्यांना हात लावला नव्हता. सुतळी सोडायची तर मी शिवलेली पिशवी शिवावी लागली असती. चोरी करतानाही या माणसानं विटाळ पाळला होता. मी त्या क्षणी शहाणी झाले. याला विज्ञान शिकवायचं नव्हतं. याला मी खाली पाहिजे होते, आणि त्यासाठी तो भाकरीलाही खोटं बोलायला लावत होता.

"बोल," सर म्हणाले.

पाठ केलेलं वाक्य मी गिळलं. साहेबांना मराठी येत नव्हती आणि मला धड तेलुगू, म्हणून मी हिंदीत बोलले. "साब, ये हरी वाली मेरी नहीं. मेरेकू रबर नहीं दिये थे. मैं सुतली बांधी थी. चिठ्ठी बदल दिये."

साहेबांनी सुतळी पाहिली. सरांकडे पाहिलं. हसले. "लडकी होशियार है," म्हणाले आणि चहा प्यायला ऑफिसात गेले. झालं. एवढाच न्याय.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावणं. ती दाराबाहेरच उभी राहिली.

"तुमची मुलगी उलट बोलते. नाव काढून टाकतो."

"लेकरू हाय सर, चुकलं तिचं. नाव नका काढू." मग माझ्याकडे वळली. "काऊन बोलली वं? म्हण, चुकलं म्हण."

"नाई म्हणत. मी खोटं नाई बोलली, आई."

आईनं तिथंच माझ्या थोबाडीत मारली. सर बघत राहिले. त्या थापडेचा राग मी आईवर कधी धरला नाही. तो सरांवर आहे, आजही.

नाव काही काढलं नाही. पोरं कमी पडली असती तर हीही शाळा बंद झाली असती, एवढं सरांना कळत होतं. पण दहावीपर्यंत वर्गात माझं नाव 'बुरशी' पडलं. कुणी हाक मारली की सर हजेरीच्या वहीत तोंड घालून हसायचे.

आता मी निर्मलला तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. बशीत जंतू वाढवते, मोजते, खाली सही करते. सूक्ष्मदर्शकाखाली कुणाचंही रक्त आलं तरी आधी नाव वाचत नाही.

परवा विनायकचा फोन आला. सर निवृत्त होत आहेत, रविवारी शाळेत सत्कार आहे. "तू त्यांचं नाव मोठं करणारी विद्यार्थिनी हायस. हार तूच घाल, चार शब्द बोल. फक्त जुनं उकरू नको, म्हातारं मानूस हाय."

मी हो म्हटलं.

हार मी घालणार नाही. आईला घेऊन जाणार आहे आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवणार आहे. मग माईक घेणार. सरांचं पूर्ण नाव घेऊन, त्यांच्या सुनांसमोर, नातवंडांसमोर, त्यांचं भाकरीवरचं वाक्य जसंच्या तसं म्हणणार. चिठ्ठ्यांचं सांगणार. आईला काय बोलले ते सांगणार. माफी मागितली तर घेणार नाही. विनायकनं माईक बंद केला तर विनामाईक बोलेन, माझा आवाज पोचतो.

सर रडले तरी थांबणार नाही.