उपग्रहाच्या पत्त्याचा अर्ज

सोलापुरात माझी पहिली नोकरी पोस्टात, रेडिओ परवान्याच्या खिडकीवर होती. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना घ्यावा लागे. घर बदललं, तर रेडिओ नव्या जागी नेल्याची नोंद परवान्यावर करून घ्यावी लागे. ती नोंद करणारा मी. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं या खिडकीमुळे घडलं.

आम्ही मूळचे मंगळवेढ्याचे. वडील बाजारात ज्वारीची पोती उचलत. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला, आणि तो झालो अक्कामुळे. आई गेली तेव्हा अक्का चौथी पास होऊन पाचवीत जाणार होती. ती गेली नाही. चूल तिच्याकडे आली आणि पाटी माझ्याकडे राहिली. मला ती ‘तम्मा’ म्हणायची. आमच्याकडे मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली, तेव्हा धाकट्या भावाला तम्मा.

अक्काला अक्कलकोटच्या पलीकडे, गुलबर्गा जिल्ह्यातल्या एका गावात दिलं होतं. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा तापानं गेला. मूल नव्हतं. सासू, जिला आम्ही सगळेच अव्वा म्हणायचो, वाईट नव्हती. तिनं अक्काला कधी उपाशी ठेवलं नाही. पण विहीर, शेत आणि घर यांपलीकडे विधवा सुनेनं जायचं नाही, हे त्या घरात न बोलता ठरलेलं होतं. मी भेटायला गेलो की अक्का इतकी हळू बोले, की मला पुढं वाकून ऐकावं लागे.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात त्या गावच्या शाळेत टीव्ही आला. अमेरिकेनं आपला एक उपग्रह एका वर्षापुरता आपल्या बाजूला आणून उभा केला होता आणि त्यावरून खेड्यांसाठी कार्यक्रम दाखवत होते. शाळेच्या अंगणात कोंबडीच्या जाळीची भली मोठी थाळी आभाळाकडे तोंड करून बसवली. गुरुजींना बायकांची बाजू सांभाळायला कुणीतरी हवं होतं. ते अव्वाकडे आले आणि म्हणाले, सरकारी काम आहे, लिहिता-वाचता येणारी बाई लागते. सरकारी म्हटल्यावर अव्वा नाही म्हणाली नाही. टीव्हीच्या लाकडी पेटीची किल्ली अक्काच्या कमरेला आली.

मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा शाळेच्या कुंपणाबाहेरूनच तिचा आवाज ऐकला. ती पोरांवर ओरडत होती. “ए, थाळीच्या जाळीत काठी कोण घालतंय? चित्र फाटलं तर तुज्या बापाला तितं उभा करीन!” बायका हसत होत्या. अक्काचा मोठा आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. मी तिथंच थोडा वेळ उभा राहिलो.

ते वर्ष असं गेलं. संध्याकाळी अक्का पेटी उघडायची, पदरानं काच पुसायची, बायकांना बसवायची. खत कसं घालावं, बाळंतिणीनं काय खावं, हे दुसऱ्या दिवशी विहिरीवर लोक तिला विचारू लागले.

शहात्तरच्या उन्हाळ्यात गुरुजींनी सांगितलं, जुलैअखेर उपग्रह परत जाणार. मी त्या रविवारी गावात होतो. शाळेच्या पायरीवर बायका गोळा झाल्या.

“जाणार म्हंजी कुटं जाणार?” एकीनं विचारलं.

“जितनं आला तितं,” गुरुजी म्हणाले.

“आमाला इचारलं का?”

“बाई, मला तरी कुठं विचारलं!”

तेव्हा अक्का म्हणाली, “माज्या दिरानं रेडिओ मळ्यातनं घरी आणला तवा पोस्टात अर्ज करावा लागला. साध्या रेडिओला परवानगी लागती, मग येवढ्या मोठ्या उपग्रहाला जागा बदलायला लागत न्हाय व्हय? परवानगी देऊ नका म्हणून आपण अर्ज करायचा.” आणि तिनं माझ्याकडे हात केला. “माजा तम्मा त्याच खिडकीवर हाय की!”

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी बी.ए. होतो. या खिडकीवर ते होत नाही, हे म्हणायला एक क्षण लागला असता. मी म्हणालो, “करू.”

अर्ज मी इंग्रजीत लिहिला, शाळेत शिकलो तसा, डाव्या बाजूला समास सोडून. सदर उपग्रह आहे त्या जागी आणखी दोन वर्षं राहू द्यावा, जागा बदलण्यास परवानगी देऊ नये, ही नम्र विनंती. खाली एकतीस बायकांचे अंगठे आणि एक सही. अक्कानं सही करायला इतका वेळ घेतला, की अव्वा म्हणाली, “नाव लिवतीस का नांगरतीस?”

सोमवारी तो कागद मी आमच्या हेडक्लार्कपुढे ठेवला. चांगला माणूस. मला टायपिंग त्यांनीच शिकवलं. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला.

“अहो बी.ए., उपग्रहाची जागाबदल आपल्या खिडकीवर कधीपासून?”

“साहेब, पुढं पाठवता येईल का?”

“पाठवीन. कागद पुढं पाठवण्याचाच तर पगार घेतो.” मग ते हळू बोलले. “पण ऐका. तो अमेरिकेचा आहे. हलवायला परवानगी लागते, नाही असं नाही. पण ती देशादेशांत ठरते. एक वर्ष म्हणून आणला, वर्ष झालं की नेणार. बहिणीला तसं सांगून टाका.”

मला त्याच दिवशी कळलं होतं. हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

तीन आठवड्यांनी छापील पोस्टकार्ड आलं. आपला अर्ज मिळाला, योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवला आहे. मी ते घेऊन गावी गेलो आणि शाळेच्या अंगणात वाचून दाखवलं. आधी इंग्रजी, मग मराठी. कानडी अक्कानं केलं. “वर गेलंय,” ती म्हणाली. कुणीतरी माझ्या हातावर गूळ ठेवला. मी तो खाल्ला.

परतताना अक्का बसथांब्यापर्यंत आली. या वर्षात ती तिथवर एकटी येऊ लागली होती. तिनं कमरेतून घडी केलेला एक फॉर्म काढला. तालुक्याला बालवाडीच्या बाईंचं सहा महिन्यांचं शिक्षण होतं. चौथी पास चालत होती. गुरुजींनी फॉर्म आणून दिला होता, आणि टीव्हीचं काम बघून अव्वाही तयार झाली होती. फॉर्म द्यायला चार दिवस उरले होते.

“गुरुजी म्हणतात टीव्ही बंद पडायच्या आधी हे धर. पण टीव्ही राहणार आसंल तर मी गेल्यावर पेटी कोण बघंल? अव्वाला बी सोडून जायचं. तम्मा, खरं सांग. राहणार का?”

बस समोर उभी होती. कंडक्टर घंटी वाजवत होता. तिचा चेहरा असा होता, की मला तिचा तो शिकलेला, सगळं जमवून आणणारा तम्मा व्हायचं होतं.

“अर्ज वर गेलाय अक्का. बहुतेक होईल.”

“मग न्हाय जात,” ती म्हणाली, आणि तिनं तो फॉर्म परत घडी करून ठेवला. तिला बरं वाटलेलं मला दिसलं. मी खिडकीतून हात केला.

जुलैच्या शेवटच्या दिवशी कार्यक्रम संपला. दुसऱ्या संध्याकाळी बायका नेहमीसारख्या येऊन बसल्या. अक्कानं पेटी उघडली, काच पुसली, बटण फिरवलं. पडद्यावर नुसती खरखर. हे मला गुरुजींनी नंतर सांगितलं. थाळी हलली असेल म्हणून अक्कानं दोन पोरांना जाळी धरायला लावली. चार दिवस बायका येत राहिल्या, मग दोघी, मग कुणीच नाही. त्यानंतरही आठवडाभर अक्का एकटी जाऊन काच पुसून यायची. मग अव्वानं म्हटलं, “बंद हाय तर जायाचं कशाला? लोक काय म्हणतील?” अव्वाचं म्हणणं त्या घराच्या रीतीनं बरोबरच होतं.

मी गेलो तेव्हा अक्का चुलीपाशी होती. मी काय बोलायचं हे बसमध्ये ठरवून आलो होतो.

“कुटं गेलं त्ये आता?” तिनं विचारलं.

“लांब. दुसऱ्या देशांवर.”

“तितल्या बायका बघत आसतील की.” तिनं भाकरी उलटली. “आपल्या अर्जाचं काय झालं आसंल रं?”

“पोचायला उशीर झाला असेल,” मी म्हणालो. ठरवलेलं राहून गेलं.

फॉर्मचं मी विचारलं. ती तारीख केव्हाच गेली होती. पुढच्या वर्षी मी स्वतः तालुक्याहून नवा फॉर्म आणला, पण आता दाखवायला सरकारी काम नव्हतं, आणि अव्वानं तो हातातसुद्धा घेतला नाही. गुरुजींची बदली झाली. एके दिवशी जीपमधून माणसं येऊन पेटी घेऊन गेली. अक्कानं किल्ली दिली आणि पावती मागितली. ते हसले, पण पावती दिली.

अव्वा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अक्का त्याच घरात आहे, आणि आता मला पुन्हा पुढं वाकून ऐकावं लागतं. माझी मुलं तिच्याकडे गेली की ती त्यांना जवळ बसवते आणि दर वेळी तेच सांगते: तुमच्या बापानं आभाळातला उपग्रह थांबवायला अर्ज केला होता, आमच्या गावासाठी, इंग्रजीत. पोरं हसतात. ती हसत नाही. ती माझ्याकडे बघते, मी पुढचं सांगावं म्हणून.

मी पाणी मागतो. ती उठते आणि आणून देते.