येतो म्हणालो त्या बंदरात

सन १९८६. मला सत्तावन्न पुरी झालेली. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या दयेने. पण जहाजावर मी सारंग होतो, तीस खलाशी माझ्या एका शिट्टीवर उठत-बसत. मोझांबिकच्या एका बंदरात मका उतरवून आमचं जहाज न्यू जर्सीच्या धक्क्याला लागलं. मुलगा तिथल्याच पिस्कॅटवे गावात इंजिनियर. तो येऊन मला एका रात्रीपुरतं घरी घेऊन गेला.

जेवताना सुनेने विचारलं, "आफ्रिका कशी होती, बाबा? सिंह दिसले?"

म्हटलं, सिंह नाही, भोकं दिसली. भिंतींना गोळ्यांची भोकं, पाण्याच्या टाकीला भोकं, शाळेच्या फळ्यालासुद्धा. क्रेन गंजून मान टाकलेल्या. चार मजली हॉटेल, त्यात माणसं चुली मांडून राहिलेली. दारं-खिडक्या केव्हाच जळणाला गेलेल्या. मक्याच्या गोणींवर बंदूकवाला पहारा, आणि पहारेकऱ्याच्या पायात बूट नाहीत.

आणि ती बाई.

रोज जहाजाच्या शिडीखाली येऊन उभी राहायची. चाळिशीची, उकडलेले कंद विकायची. पहिल्या दिवशी मी हटकलं, तर टोपली पुढे करून स्वच्छ मराठीत म्हणाली, "बस. जेव." मी जागीच थिजलो.

तिचा बाप आपल्या कोकणातला खलाशी. तिच्या आईबरोबर तिथेच राहिलेला. ही सात वर्षांची असताना जहाजावर चढला तो चढलाच. हे तिने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मी त्याहून मोडक्या इंग्रजीत ऐकलं. मराठीचे तिच्याकडे तीनच शब्द. बस, जेव, आणि शिडी चढताना बाप बोलला तो: येतो.

तिथल्या लढाईत तिची भावंडं सीमेपलीकडे पळाली. ही राहिली. बंदर सोडलं तर बाप तिला शोधणार कुठे?

मला विचारते, "येतो म्हणजे कमिंग, ना?"

आता काय सांगू? की आमच्यात निघालेला माणूस जातो म्हणत नाही, ते अशुभ. म्हणून कायमचा निघाला तरी येतोच म्हणतो? वादळात कप्तानाशी भांडलेला माणूस मी. नुसती मान हलवली. हो म्हणून.

जहाज सुटायच्या दिवशी तिने दोन कंद पानात बांधून दिले. मी शिडी चढलो, वळलो, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "येतो गं."

ती हसली. हात वर केला.

मुलाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "बाबा, सिंपल आहे. लेटर लिहू. मीच टाइप करतो. ॲड्रेस सांगा."

"मिठाच्या गोदामामागे, निळी भिंत. मोठं भोक आहे बघ तिला."

"भोक म्हणजे ॲड्रेस होतो का?"

"तुझ्या अमेरिकेत नसेल होत."

"बरं, नाव तरी?"

नाव विचारलंच नव्हतं. तीस माणसांची हजेरी तोंडपाठ घेणारा मी.

सून म्हणाली, "जहाज पुन्हा जाईलच की तिकडे."

"नाही जाणार. इथून ब्राझील, मग मुंबई. मग मी रिटायर."

"मग जहाजाच्या तिथल्या एजंटला फोन ट्राय करू," मुलगा म्हणाला. "तो शोधेल तिला."

"शोधेल. आणि सांगेल काय? मी येत नाही, हे? का तिचा बापही येत नाही, हे?" माझा आवाज चढला. "तिचं तेवढंच आहे रे तिथे!"

सुनेने भात वाढला, मी तो खाल्ला. अन्न टाकायची सवय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने गाडी काढली. सुनेने बेसनाच्या लाडवांचा डबा हातात दिला. मी बूट चढवले, दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "जातो."

सुनेचा चेहरा उतरला. "बाबा, असं काय बोलता! येतो म्हणा."

येतो काही मी म्हटलं नाही. टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसलो. तो सीटचा पट्टा मला काही लावता येईना. शेवटी मुलाने लावला.