निम्मी भरलेली बॅटरी

लग्नांचं शूटिंग करणाऱ्या त्या फोटोग्राफरला सगळे भिंगरीच म्हणत. घरी आला की चहाआधी ड्रोन उघडायचा. बायकोच्या पावडरच्या ब्रशने मोटरींतली धूळ झटकायची, पंख्यांच्या कडांवर नख फिरवून चीर शोधायची, मग तेच पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी मात्र निम्मीच भरून कपाटात ठेवायचा.

"पूर्ण का नाही भरत?" बायकोने विचारलं.

"काम नसताना भरलेली ठेवली, तर फुगून कामातून जाते."

"मेली नशीबवान!" ती उसळली. "तिची एवढी काळजी, आणि डॉक्टरांनी तुम्हाला विश्रांती सांगून महिना झाला!"

तो वरमला. खुर्चीत बसला. हातातला ब्रश मात्र गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकत राहिला.