हरताळाच्या दिवशीची शर्यत

कोंडीराम घोडपदेवच्या चाळीत राहायचा आणि अपोलो बंदराजवळच्या एका क्लबात शर्यतीच्या होड्या सज्ज करायचा. साहेबलोक नुसतं सुकाणू धरणार. शिडाला आकार द्यायचा तो या वेंगुर्ल्याच्या गड्यानं. वारा मंद असला की बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, टोकाचा दोर सैल सोडून शिडाला फुगवटा ठेवायचा. वारा भरला की तोच दोर ताणायचा आणि डोलकाठीला पाचर ठोकून किंचित बाक द्यायचा, म्हणजे शीड सपाट बसतं आणि होडी कलंडत नाही. एवढं सगळं करून होडी पाण्यात ढकलायची आणि काठावर उभं राहायचं. बावीस वर्षं हेच. शर्यतीत आपण एकदा बसावं, एवढं एकच त्याचं मागणं होतं, आणि ते त्यानं बायकोपाशीही कधी काढलं नव्हतं.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईसाठी शहर पेटलं. हरताळात कोणी कामावर जायचं नाही असं चाळीनं ठरवलं. शेजारच्या शामरावानं सगळ्यांना विचारलं, तेव्हा कोंडीरामनंही मान डोलावली. पण आदल्याच दिवशी साहेबानं त्याला सांगितलं होतं, की होडीतला आपला माटुंग्याचा जोडीदार उद्याच्या शर्यतीला काही येऊ शकत नाही, तर त्याच्या जागी तू बस. साहेबलोकांना हरताळाचं काय सोयरसुतक! कोंडीरामला मात्र होतं, आणि तरी तो गेला. उजाडायच्या आत, गोदीच्या भिंतीकडेनं, चोरासारखा चालत गेला.

दुपारी वारा भरला. वाऱ्याच्या तोंडावर जाताना कोंडीरामनं शीड फळीसारखं सपाट ठेवलं. बाकीच्या होड्या आडव्या होत होत्या, यांची सरळ पाणी कापत होती. वळणाचा तरंगता बोया ओलांडून वारा पाठीशी आला, तसा त्यानं टोकाचा दोर सोडून शीड फुगू दिलं, आणि बूम उचलला जाऊ नये म्हणून खालचा पट्टा हातांची सालं निघेतो आवळून धरला. होडी अशी सुटली, की पन्नाशीचा तो माणूस मोठ्यानं हसला. त्यांनी शर्यत मारली. क्लबातल्या फळ्यावर मात्र माटुंग्याच्या जोडीदाराचंच नाव लिहिलं गेलं, कारण नोंद त्याची होती. याचं कोंडीरामला काही वाटलं नाही.

तो चाळीत परतला तेव्हा जिन्यावर बायका रडत होत्या. शामरावाचा धाकटा भाऊ रघु दुपारी लालबागला गोळी लागून गेला होता.

हरताळ मोडून तो क्लबात गेल्याचं चाळीत कळलं, आणि त्यानंतर कोंडीरामशी कोणी बोलेना. नळावर त्याची बायको सुभद्रा आली की बायका गप्प होऊन बाजूला सरत. तिनं नवऱ्याला विचारलं, एवढं काय अडलं होतं? भूक लागली म्हणून चोरी केली असं सांगता येतं. हौस होती म्हणून गेलो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

तेराव्यानंतर शामराव आपणहून दारात आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं, डोळे खोल गेले होते. तो कोंडीरामच्या शेजारी उंबऱ्यावर बसला.

"तू पोटासाठी गेलंस, कोंड्या. माका ठावक आसा. गरिबाक पोट सुटना नाय. मनात काय ठेव नको."

रघु पडला त्याच दुपारी आपण पाण्यावर हसत होतो, हे कोंडीरामला सांगून टाकायचं होतं. शामरावानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"होय," कोंडीराम म्हणाला, "पगार कापलो असतो."