गरजू विद्यार्थी निधीचा वाहनतळ

विद्यादान हे सर्व दानांत श्रेष्ठ दान आहे. हे वाक्य आमच्या पावतीपुस्तकाच्या प्रत्येक पानावर ठळक छापलं होतं. त्याच्या खाली, जरा बारीक टाइपात: दुचाकी वीस रुपये, चारचाकी पन्नास. त्याच्याही खाली, आणखी बारीक: वाहन आपल्या जबाबदारीवर लावावे. तिन्ही वाक्यं मीच लिहून दिली होती. पहिलं संस्थेच्या सचिवांच्या आग्रहावरून, दुसरं गरजेपोटी आणि तिसरं अनुभवावरून.

मी मुरबाड तालुक्यातल्या एका लहान कॉलेजात इतिहास शिकवतो आणि शहापूरला राहतो. कॉलेज विनाअनुदानित आहे, म्हणजे फी मुलांनी भरायची आणि पगाराची वाट आम्ही बघायची. जास्तीचं काम कुणाला द्यायचं हे ठरवण्याची आमच्याकडे सोपी पद्धत आहे. बैठकीला जो सगळ्यांत शेवटी पोचतो, ते त्याच्या गळ्यात पडतं. शहापूर-मुरबाड रस्त्याच्या कृपेने मी 'गरजू विद्यार्थी साहाय्य निधी'चा प्रमुख झालो.

निधीत तेव्हा निधी सोडून सगळं होतं. लेटरहेड होतं, रबरी शिक्का होता, सात जणांची समिती होती. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर मी आवाहन टाकलं. संध्याकाळपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली, पण त्यातला एकही हात खिशात गेला नाही. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना पत्रं दिली. एकाने भिंतीवरचं घड्याळ पाठवलं. ते दहा मिनिटं पुढे चालायचं, त्यामुळे काही दिवस आमचे तास वेळेवर सुरू झाले, एवढाच निधीचा पहिल्या सहामाहीतला लाभ.

वाहनतळाची कल्पना माझी. आदल्या हिवाळ्यात मी जवळच्या म्हसा गावच्या जत्रेला गेलो होतो. बैलबाजार, घोंगड्या, आकाशपाळणे हे सगळं बघण्याआधी मोटारसायकल लावायला जागा शोधण्यात माझा तास गेला. शेवटी भातकापणी झालेल्या एका खाचरात लावली आणि एका म्हाताऱ्याने माझ्याकडून वीस रुपये घेतले. म्हाताऱ्यामागे गाड्या उन्हात चमकत होत्या. मी तिथेच मनात गुणाकार केला. आयुष्यात गुणाकाराने मला पहिल्यांदाच आनंद दिला.

पुढच्या बैठकीत मी वेळेवर गेलो आणि बोललो. जत्रेच्या मुख्य रविवारी रस्त्यालगतचं एक खाचर घ्यायचं, मुलांना टोप्या आणि शिट्ट्या द्यायच्या, दिवसभर गाड्या लावायच्या. सचिवांनी डोळे मिटले. मला वाटलं कल्पना बुडाली. मग ते म्हणाले, "उद्घाटन कुणाच्या हस्ते?"

तिथून पुढे वाहनतळ हा माझ्या हातात राहिला नाही.

खाचर मिळवून दिलं तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने. ती म्हशाजवळच्याच एका पाड्यातली. हुशार होती, म्हणजे सत्कारात म्हणतात तशी नव्हे. फळ्यावर माझं साल चुकलं तर वर्ग सुटल्यावर येऊन ते हळूच सांगायची. फीचा पहिला हप्ता घरचं भात विकून भरला होता. दुसरा राहिला होता. सरकारी शिष्यवृत्तीचा तिचा अर्ज पावसाळ्यापासून 'तपासणी सुरू आहे' या पायरीवर बसून होता. दुसऱ्या हप्त्याची शेवटची तारीख जत्रेच्या रविवारनंतरचा सोमवार, संध्याकाळी पाच. हप्ता नाही तर परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही, आणि फॉर्म नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की मुलीचं काय होतं हे आमच्या भागात कुणी विचारत नाही, लग्नपत्रिका येते.

"सर, रस्त्याला लागून आमची दोन खाचरं हायेत," ती म्हणाली. "वरचं घ्या. बाबा नाय म्हणणार नायत."

मी तिच्या वडिलांना भेटायला गेलो. भाड्याचा विषय काढला तर ते वरमले. "कॉलेजचं काम ना? मग भाडं कसलं, सर? पोर तुमच्याकडं शिकतीय."

सचिवांना हे फार आवडलं. "याला म्हणतात समाजाचा सहभाग," ते म्हणाले. त्यांनी ठरवलं की दिवसभराची जमा संध्याकाळी तिथेच, फोटोग्राफरसमोर, एका गरजू विद्यार्थ्याला पाकिटात घालून द्यायची. विद्यार्थी म्हणजे हीच मुलगी. म्हणजे बापाने आपलं शेत फुकट द्यायचं, त्यातून आम्ही पैसे मिळवायचे आणि त्यातलेच त्याच्या मुलीला शाल पांघरून परत द्यायचे. मला हे गणित खटकत होतं. पण तिला सोमवारी पैसे हवे होते, आणि माझ्याकडे दुसरं गणित नव्हतं.

रविवारी सकाळी सातलाच आम्ही तिथे होतो. भाताची धसकटं तुडवून सपाट केली, बांध थोडा फोडून गाड्यांना आत जायला वाट केली. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट उभे केले आणि मधे लाल फीत बांधली. वर फलक, आत पाहुण्यांसाठी छोटा मंडप. फलकावर सचिव, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि आणखी चार जणांचे फोटो होते. 'वाहनतळ' हा शब्द आणि त्याखालचे दर शोधावे लागत होते. ती मुलगी पांढरी टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून फितीपाशी उभी राहिली. बाकीची मुलंही ओळीने उभी. उद्घाटन नऊ वाजता होतं.

नऊला पाहुणे निघालेले नव्हते. साडेनऊला त्यांच्या मदतनिसाने फोनवर सांगितलं, निघालेत. दहाला सांगितलं, पाचच मिनिटं. मी फोन खिशात टाकायचो, बाहेर काढायचो. मंडपातून रस्त्यापर्यंत जायचो, रस्त्यावरून परत यायचो. बसवत नव्हतं. कुणीतरी चहा हातात दिला, तो मी कुठल्या तरी खुंटाशेजारी ठेवून विसरलो. डोक्यात एकच चाललं होतं: आता वीस गेले, आता पन्नास गेले.

कारण गाड्या यायला लागल्या होत्या. शहापूर, कल्याण, कर्जत, सगळीकडून. पहिल्या काहींनी फितीपाशी येऊन ब्रेक मारला.

"ओ मॅडम, आत सोडा ना."

"थोडं थांबा, उद्घाटन व्हायचंय," मुलगी म्हणाली.

"कसलं?"

"वाहनतळाचं."

मोटारसायकलवाला आसनगावचा होता, रोज लोकलने मुंबईला जाणारा असावा. वाट बघणं त्याला पाठ होतं, पण सुट्टीच्या दिवशी नको होतं. मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं. त्याने फितीकडे बघितलं, फलकाकडे बघितलं. "यार, रिबीन मी कापतो. बायकोच्या पर्समधे कात्री आहे."

"पावण्यांनीच कापायचीय," मुलगी म्हणाली. तिला हसू येत होतं आणि घामही फुटला होता.

"मग पावण्यांनाच लावू दे गाडी! आपला टाइम खोटी नका करू."

मी सचिवांकडे गेलो. "गाड्या आत घेऊ या का? फीत तशीच ठेवू, एका बाजूने सोडू."

"फीत न कापता आत?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वधूवरांच्या आधी पंगतीला बसायची परवानगी मागितली होती. "पाहुणे येऊन बघतील, शेत आधीच भरलेलं. मग त्यांनी उद्घाटन कशाचं करायचं?"

इतिहास शिकवणाऱ्याकडे अशा प्रश्नांची उत्तरं पन्नासेक वर्षांनी तयार होतात.

साडेदहाला रस्ता तुंबला. फितीसमोर चार चारचाक्या, मागे मोटारसायकली, त्यांच्यामागे बैलांचा टेम्पो. टेम्पोतला बैल आणि मी, दोघंच काही बोलत नव्हतो. बंदोबस्तावरचा हवालदार काठी आपटत आला. "कोण आहे इथं जबाबदार? रस्ता मोकळा करा! गाड्या हलवा, कुठंही हलवा!"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघितलं. फोनवर मदतनिसाचा संदेश होता: मुरबाड सोडलं. हाच संदेश अर्ध्या तासापूर्वीही आला होता.

मी वर बघितलं तोवर तिने शिट्टी तोंडात घेतली होती. एक लांब शिट्टी झाली आणि तिचा हात सरळ खाली गेला, उताराकडे, घरच्या दुसऱ्या खाचराकडे. तिथला बांध बैलगाड्यांसाठी कायमच उघडा असे. आसनगावचा मोटारसायकलवाला पहिला वळला. त्याच्यामागे पांढरी गाडी, मग सगळेच.

अर्ध्या तासात खालचं खाचर निम्मं भरलं. वर आमच्या मंडपात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर ऊन सरकत होतं.

"हे काय चाललंय?" सचिव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "समांतर वाहनतळ? निधीच्या दिवशी? जा, सांगा त्यांना, ताबडतोब बंद करा म्हणावं."

मी उतरलो. उतार लहानच, पण मी तो सावकाश उतरलो. मुलीचे वडील बांधावर उभे होते आणि दोन्ही हातांनी, बैलजोडी मागे घेतात तशी, एक जीप मागे घेत होते. "येऊ द्या, येऊ द्या... बास!" मला बघून ते ओशाळले.

"सर, मी कुणाला बोलावलं नाय. पोरीनं शिट्टी मारली, लोकं आली. जत्रंला आलेल्या पावण्याला नाय कसं म्हणू?"

"नका म्हणू."

"आणि ही लोकं पैसं देतात." त्यांनी मूठ उघडून दाखवली. नोटा चुरगळल्या होत्या. "पहिल्याला मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या. तर तो म्हणतो, वरच्या फलकावर वीस लिवलंय. घेऊ का?"

त्यांची बायको मागे बांधावरच्या झाडाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "इचारता काय त्यांना? सोमवारी फी भरायचीय का नाय पोरीची?"

"तू गप गो. सरांचं पण काम हाय हे."

"सरांच्या कामाला रिबीन आडवी हाय," ती म्हणाली. "आपल्याला नाय."

मी वर बघितलं. फितीपाशी टोपी दिसत होती, आणि टोपीखाली ती आमच्याकडे बघत होती. मी काय सांगतो याची वाट बघत. ही संध्याकाळी पाकीट घेणार होती, शाल पांघरणार होती, फोटोत खाली मान घालून उभी राहणार होती. नाहीतर हे, बापाच्या मुठीतल्या नोटा.

"घ्या," मी म्हणालो. "दुचाकीला वीस, चारचाकीला पन्नास. आणि चारचाकी कडेने लावा, नाहीतर मधल्या अडकतील."

वर गेल्यावर सचिवांनी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

पाहुणे पाऊण वाजता आले. त्यांच्या चालकाला वर रिकामं शेत आणि फीत दिसली, खाली शेकडो गाड्या आणि हात हलवून बोलावणारा एक माणूस दिसला. तो अर्थात खाली वळला. मुलीच्या वडिलांनी मोठ्या अदबीने ती लांबलचक गाडी मागे घेतली, आणि चालकाने पन्नास रुपये दिले. पाहुणे बांधावरून धोतर सावरत चढून वर आले. टाळ्या झाल्या. फीत कापली गेली. नारळ फुटला. पाहुणे वाहतुकीच्या शिस्तीवर वीस मिनिटं बोलले, रिकाम्या शेताकडे तोंड करून.

फीत निघाल्यावर तरी गाड्या आत येतील असं मला वाटलं होतं. पण माणूस जिथे गाड्या दिसतात तिथेच गाडी लावतो; रिकाम्या शेताचा त्याला संशय येतो. आमची मुलं शिट्ट्या मारून दमली. संध्याकाळी पाकिटाचा कार्यक्रम 'वेळेअभावी' रद्द झाला. मी शहापूरला परतलो खरा, पण जेवताना, झोपताना, एकच प्रश्न कुरतडत राहिला: खाली पुरेसे जमले का? विचारायला मला तोंड नव्हतं.

सोमवारी मी सकाळपासून कार्यालयाच्या दारासमोरून सहा वेळा गेलो. दोनदा लिपिकाने विचारलं, सर काही हवंय का. दुपारी तीनला ती आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत नोटा होत्या, रबर लावलेल्या. लिपिकाने त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, पावती फाडली. मग त्याने कपाटातून आमच्या निधीची फाइल काढली.

"सर, हिचं नाव गरजूंच्या यादीतून काढतो."

"का?"

"फी भरली ना तिने. फी भरणारा गरजू कसा?"

मी काही बोलणार, त्याआधीच ती म्हणाली, "काढा." आणि पिशवीतून पांढरी टोपी काढून माझ्यापुढे ठेवली. "ही परत करायची व्हती, सर. शिट्टी नंतर आणते. आई देत नाय. जत्रा अजून चाललीय ना."

परीक्षेचा फॉर्म त्याच संध्याकाळी गेला. ती पावती दुमडून वहीत ठेवत बाहेर पडली, आणि मी दिवसभरात पहिल्यांदा खुर्चीत बसलो.

कार्यक्रमाचा अहवाल आठवड्याने संस्थेकडे गेला. 'उदंड प्रतिसाद' हे शब्द सचिवांनी स्वतः घातले. वाहनसंख्येचा रकाना मी भरला: सात. त्यातल्या चार आमच्याच प्राध्यापकांच्या मोटारसायकली होत्या, आणि कर्मचाऱ्यांना शुल्क माफ होतं.